काळ्या रानात घर बांधलंय, पाणी मुरतच नाही. जमिनीखालनं ड्रेनेजची लाइन कशी टाकायची?

काळंरान:
नमस्कार मंडळी. आष्ट्यापासून जवळच आमचं रान आहे, त्यातच रस्त्याकडेला दोन वर्षांपूर्वी घर बांधलं. जमीन काळी, भिजली की चप्पल सोडत नाही अशी. ठेकेदारानं संडासाची टाकी केली, पुढं आठ फुटी शोषखड्डा केला आणि म्हणाला आता दहा वर्षं बघायला नको. पहिल्याच पावसाळ्यात खड्डा तोंडापर्यंत भरला, टाकीचं पाणी उलटं चेंबरात आणि घरभर वास, पाव्हणे आलेले त्या दिवशी, काय सांगू. उन्हाळ्यात उलटी तऱ्हा, अंगणात हात जाईल एवढ्या भेगा पडल्या, न्हाणीमागच्या पाइपचा जॉइंट सुटलेला सापडला आणि त्याच कोपऱ्यात भिंतीला तिरकी चीर गेलीय.
आता डोक्यात असंय की ओढा १४० फुटावर आहे, तिथपर्यंत चार इंची पाइप जमिनीखालनं टाकायचा आणि पत्र्याचं, न्हाणीचं, टाकीचं सगळं पाणी एकदाच ओढ्यात सोडायचं. आबा म्हणतात उघडी चारी मार, पाइपबिइपच्या नादाला लागू नको. कुणी काळ्या मातीत असं काम केलंय का?

लेव्हलट्यूब:
प्लंबिंगचं काम करतो, मिरज भागात. दादा तुमचा जॉइंट सुटला त्यात नवल नाही, पाइप काळ्या मातीतच उघडा टाकला असणार. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, दोन्ही वेळा पाइपला धरून ओढते. चर खणायचा दीड फूट रुंद, तळाला चार इंच कच (खडी फोडताना पडणारी बारीक चुरी) नाहीतर बारीक मुरूम टाकून लेव्हल करायची, त्यावर पाइप, दोन्ही बाजूनं आणि वर चार इंच परत तेच. निघालेली काळी माती फक्त सगळ्यात वर. आणि विटेचे तुकडे ठेवून पाइप उचलून लेव्हल करतात काही जण, ते करू देऊ नका, दोन विटांच्या मध्ये पाइपला झोळ येतो आणि त्या झोळात गाळ बसतो.
उतार ६० ला १ धरा, म्हणजे ६० फुटाला एक फूट. १४० फुटाला २८ इंच होतात. सुरुवातीला एक फूट खाली असाल तर ओढ्याकडचं टोक तीन फूट चार इंचावर निघणार. ओढ्याचा तळ त्याच्या खाली आहे का ते आधी बघा, नसेल तर चर खणून काय उपयोग. पारदर्शक नळीत पाणी भरून गवंडी लेव्हल बघतो तसं बघा, डोळ्यानं बघितलेल्या उतारावर मी तर विश्वास ठेवत नाही.

साईटवाला:
वरचं बरोबर आहे, पण मूळ प्लॅनच थोडा थांबवतो. टाकीचं पाणी ओढ्यात सोडू नका. सेप्टिक टँकमधनं बाहेर पडणारं पाणी दिसायला निवळ असलं तरी जंतूंनी भरलेलं असतं, खाली कुणाची तरी विहीर असणार, जनावरं पाणी पितात. तीन पाणी वेगवेगळी धरा: पत्र्याचं, न्हाणी-मोरीचं आणि टाकीचं. ओढ्यात फक्त पत्र्याचं आणि अंगणात मुरलेलं.
शोषखड्डा का चालला नाही ते कळायला एक साधी टेस्ट आहे, खड्डा करण्याआधीच करायला हवी होती. फूटभर खोल खड्डा घ्यायचा, आदल्या दिवशी पाणी ओतून रात्रभर भिजत ठेवायचा, दुसऱ्या दिवशी परत पाणी भरून ते एक इंच खाली जायला किती मिनिटं लागतात ते बघायचं. तासाच्या वर गेलं तर शोषखड्ड्याचा नाद सोडायचा. आणि रात्रभर भिजवणं टाळू नका, कारण मे महिन्यात काळ्या मातीत भेगांमधनं पाणी गपकन जातं आणि वाटतं काय झकास मुरतंय, ठेकेदार फसतो तो तिथंच. एकदा माती फुगली की भेगा बंद, पाणी जायचं कुठनं?
तुमच्या टाकीच्या पुढं अजून एक कप्पा बांधा, त्यात खडी भरा, पाणी खालनं वर चढू द्या. त्यातनं निघालेलं पाणी मुरमाच्या उंच वाफ्यात सोडा, जमिनीच्या वर दोन-अडीच फूट भर घालून, त्यात भोकं पाडलेला पाइप, वर कर्दळ लावा. काळ्या जमिनीत खाली मुरत नाही म्हटल्यावर वर मुरवायचं आणि झाडाला, उन्हाला पिऊ द्यायचं. न्हाणीचं पाणी केळी, अळवाला, ते काय आपल्या आज्यांनीच शोधून ठेवलंय.

कोरेगावकर:
सगळ्याच काळ्या जमिनीत शोषखड्डा फेल जातो असं नाही ओ. आमच्याकडं सात फुटावर मुरूम लागला, खड्डा अकरा फूट नेला, पाच वर्षं झाली तुंबला नाही. आधी एक खड्डा खणून काळी माती किती खोल आहे ते बघा, मग ठरवा.

साईटवाला:
मान्य, मुरूम लागला तर वेगळी गोष्ट. पण आष्टा-पलूस-वाळवा पट्ट्यात नदीकाठानं काळी माती लय खोल जाते, सात फुटात मुरूम म्हणजे नशीब. आणि मुरमात सोडलेलं पाणी भराभर जातं, शेजारी विहीर नाहीतर बोअर असेल तर सरळ त्यात. पावसाळ्यात विहिरीची पातळी कुठवर येते बघितली का तुम्ही? खड्ड्याचा तळ त्याच्या खाली गेला असेल तर तो शोषखड्डा नाही, दुसरी विहीर झाली.

कोरेगावकर:
विहीर दीडशे फुटावर आहे. पण पातळीचं बघितलं नाही खरंच, बघतो.

चोपण_दोन_एकर:
आमचं दोन एकर रान क्षारपड झालेलं, ऊस पिवळा पडायचा, शेवटी जमिनीखालनं भोकाचे पाइप टाकून निचरा केला. कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रात या निचऱ्यावर बरंच काम झालंय, तिथं जाऊन बघून आलो होतो. रानात तीन-चार फूट खोल, दोन लाइनीत पाऊणशे-शंभर फुटाचं अंतर. तेच घराभोवती करावं म्हणून एक लाइन जोत्याकडनं घेतली आणि सपशेल फसली. रानात पाणी हळूहळू दोन-चार दिवसांत आलं तरी चालतंय, घराला संध्याकाळच्या पावसाचं पाणी सकाळच्या आत जायला पाहिजे. काळी माती पाइपला पाणीच देईना, वर अंगणात घोटाभर पाणी आणि खाली पाइप कोरडा. मग परत उकरलं, पाइपवर माती लोटायच्या ऐवजी खडी थेट जमिनीच्या तोंडापर्यंत भरली, तेव्हा कुठं चालू झाली. आणि फिल्टरचं कापड नुसत्या पाइपला गुंडाळू नका, काळ्या मातीच्या लगद्यानं ते लिंपून जातं, चराला आतनं लावा, त्यात खडी, खडीत पाइप.
भोकं खाली करायची हेबी लक्षात ठेवा. आमच्या पोरांनी वर केली होती, पाणी आत पडावं म्हणून.

लेव्हलट्यूब:
बरोबर. घड्याळात चार आणि आठ वाजता काटा असतो तिथं भोकं यायला पाहिजेत. वर केली तर पाइपच्या उंचीएवढं पाणी चरात कायम साचून राहणार, आणि ते जोत्याशेजारी.

गावभाग_सांगली:
मी सांगली गावभागातली, आमच्याकडं ड्रेनेज म्हटलं की पहिला पूर आठवतो. २०१९ ला आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं, धोक्याची पातळी ४५ आहे. आमच्या दारात पाणी यायच्या आदल्या दिवशीच संडासातनं उलटं यायला लागलं, आधी आत, मग बाहेर. तेव्हापासून बाहेरच्या चेंबरात नॉन रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटं येऊ न देणारी झडप) बसवलाय, २०२१ ला निदान ती घाण तरी घरात आली नाही. दादा तुमचा ओढा पावसाळ्यात किती भरतो? पाइपचं तोंड बुडालं तर तुमच्या उताराचा काही उपयोग नाही, ओढ्याचं पाणी तुमच्या अंगणात येणार. तोंडाला झडप लावा आणि जाळी पण लावा, आमच्या मामांच्या लाइनीत घुशीनं घर केलं होतं.
अजून एक, टाकी भर पावसाळ्यात उपसू नका. पूर ओसरल्यावर आमच्या गल्लीत एकांनी घाईनं रिकामी करून घेतली, खालनं पाण्याचा दाब होताच, टाकी वर उचलली गेली आणि पाइप तुटला. आणि आत माणूस उतरवू तर कधीच नका, कुठल्याच महिन्यात.

साईटवाला:
ताईंचा मुद्दा बरोबर. आणि चिरेबद्दल राहिलंच. सुटलेल्या जॉइंटचं पाणी पायाखाली एकाच कोपऱ्यात मुरलं, तिथली माती फुगली, बाकी घर कोरड्या मातीवर, म्हणून तिरकी चीर. आधी ती लाइन बदला, चिरेला सिमेंट नंतर भरा. पाइप जोत्याच्या भिंतीतनं जातो तिथं पक्का गिलावा करू नका, भोक पाइपपेक्षा मोठं ठेवून मऊ फिलर भरा, नाहीतर घर एकीकडं हलतंय, पाइप दुसरीकडं. घराभोवती तीन-चार फूट रुंद कोबा, उतार बाहेरच्या बाजूला. जोत्याला चिकटून झाडं नकोत, गृहलक्ष्मीनं हौसेनं लावलेला जास्वंद असला तरी.
पाइप घेताना भिंतीवर बसवायचा सांडपाण्याचा पाइप, एसडब्ल्यूआर म्हणतात तो, घेऊ नका, जमिनीखालच्या कामाचा वेगळा येतो, आयएस १५३२८ चा, त्यात एसएन ४, एसएन ८ असे प्रकार आहेत, आकडा मोठा तेवढा पाइप कडक. ट्रॅक्टर जिथनं जातो तिथं एसएन ८. वळणावर आणि सरळ लाइनीत पण मधे मधे चेंबर ठेवा, काटकोनी बेंड जमिनीत पुरलात तर पुढं काठी घालायला जागा नाही.

काळंरान:
लय आभार सगळ्यांचे. आज नळी घेऊन लेव्हल बघितली, आबा एका टोकाला आणि मी एका टोकाला. जमीन जवळपास सपाटच आहे, ओढ्याचा तळ चार फूट खाली, म्हणजे आठ इंच शिल्लक राहतात, आणि मोठ्या पावसात ओढा तीन फूट तरी भरतो, म्हणजे झडप लागणारच. टाकीचं पाणी ओढ्यात नाही, मुरमाच्या वाफ्याचं आईला पटलंय, फक्त कर्दळीऐवजी केळी म्हणतीय. टेस्टचं सांगतो, रात्रभर भिजवलेल्या खड्ड्यात दोन तासांत पाणी बोटभरसुद्धा उतरलं नाही.
काम आत्ता उन्हाळ्यातच उरकावं का? आणि १४० फुटाला कच किती ब्रास लागेल?

लेव्हलट्यूब:
मे मध्ये नको, भेगा पडलेल्या जमिनीत चराच्या कडा ढासळतात आणि पहिल्या पावसाला माती फुगून लेव्हल बिघडवते, आम्ही असलं काम दिवाळीनंतर धरतो, माती ओलसर असते पण चिखल नसतो. तोवर तो सुटलेला जॉइंट तेवढा बदलून घ्या, त्याला थांबू नका.
कच, दीड फूट रुंद आणि फूटभर जाड धरली तर १४० फुटाला २१० घनफूट, म्हणजे दोन ब्रासच्या थोडं वर. धुम्मसानं ठोकल्यावर बसते, अडीच ब्रास सांगा. आणि ट्रॉली रिकामी व्हायच्या आधी टेप लावून मोजा.