चंद्रावरील टायको विवराचे पट्टे पौर्णिमेलाच ठळक का दिसतात?

खारघरची गच्ची:
पौर्णिमेला लहान दुर्बिणीतून टायकोचे पांढरे पट्टे दूरवर पसरलेले दिसतात, पण विवराची खोली मात्र अजिबात जाणवत नाही. शिवाय जवळच असलेल्या, कितीतरी मोठ्या क्लेव्हियस विवराला असे पट्टे का नाहीत?

कोपरीकर:
पौर्णिमेला सूर्यप्रकाश आपल्या पाठीमागून पडत असल्याने सावल्या जवळजवळ नाहीशा होतात आणि केवळ पृष्ठभागाच्या उजळपणातील फरक उरतो. शुद्ध नवमी-दशमीला पाहा. तेव्हा टायकोवर सूर्य नुकताच उगवलेला असतो आणि सावल्या लांब पडतात, त्यामुळे 85 किलोमीटर व्यासाच्या या विवराचा सुमारे पावणेपाच किलोमीटर खोल तळ आणि मधले शिखर स्पष्ट उठून दिसते.

ऐरोली:
क्लेव्हियसचा प्रश्न वयाचा आहे. विवर घडवणाऱ्या आघातात उडालेल्या चुऱ्याचेच हे पट्टे असतात. हा चुरा सुरुवातीला उजळ असतो, परंतु सौरवात (सूर्याकडून येणारा विद्युतभारित कणांचा झोत) आणि सूक्ष्म उल्कांच्या माऱ्याने तो कोट्यवधी वर्षांत काळवंडतो. अपोलो 17 या चांद्रमोहिमेने 1972 मध्ये आणलेल्या नमुन्यांवरून टायकोचे वय सुमारे 10 कोटी 80 लाख वर्षे मानले जाते, म्हणजे चंद्राच्या हिशेबाने ते अगदी कोवळे आहे. क्लेव्हियस अब्जावधी वर्षे जुने आहे.

कोपरीकर:
पट्ट्यांइतकेच विवराच्या काठाबाहेरचे गडद वलयही पाहण्याजोगे आहे. आघाताच्या उष्णतेने वितळून काचेसारख्या झालेल्या खडकामुळे ते तयार झाले असे समजतात, आणि ते मात्र पौर्णिमेलाच उत्तम दिसते.