बीआरएसआरमुळे कंपन्यांचं सगळं उघड झालं? मला नाही पटत

चाकण_टूलरूम
परवा इथे एकांनी ठासून लिहिलं की शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीने बीआरएसआर (कंपन्यांनी वीज, पाणी, कामगारांची सुरक्षा यांचा हिशेब द्यायचा वार्षिक रिपोर्ट) आणल्यापासून कंपन्यांना लपवायला जागाच उरली नाही, तक्रार करणाऱ्यांनी निदान एक रिपोर्ट उघडून वाचावा. वाचलेत हो, चार वाचलेत. 2022-23 पासून वरच्या 1000 लिस्टेड, म्हणजे शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना सक्तीचं आहे तेही माहितीय. वीज किती वापरली ते प्रत्येक रुपया उलाढालीमागे दाखवतात, मालाचा भाव वाढला की उलाढाल वाढते, आकडा आपोआप खाली येतो, मीटर मात्र तेवढाच फिरलेला असतो. आणि माझ्या जुन्या कंपनीत बोअरला मीटरच नव्हता, पंप किती तास चालला ते वॉचमनला विचारायचं आणि गुणाकार करायचा, तोच आकडा पुढे रिपोर्टात.

ऑडिटवाली
अर्धंच सांगताय. त्याच तक्त्यात वर एकूण वापरही असतो, तो बघा की. आणि 2023-24 पासून वरच्या 150 कंपन्यांना मुख्य आकडे बाहेरच्यांकडून तपासून घ्यावे लागतात. मी स्वतः प्लांटवर जाते, एका ठिकाणी डिझेलची बिलं आणि जनरेटरचं लॉगबुक जुळेना, आकडा बदलायला लावला. आधी हे विचारत कोण होतं?

उसाचा_फड
आमच्याकडचे सहकारी साखर कारखाने लिस्टेडच नाहीत, त्यांना हे लागूच नाही. नदीचं पाणी काळं होतं त्याचं काय?

भोसरी_प्रेस
मीटरबिटर राहू द्या. माझा मावसभाऊ एका छोट्या वर्कशॉपमध्ये पॉवर प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून पार्ट काढायच्या मशीनवर होता. दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय प्रेस खाली येत नाही, पण पीस वेळेत निघावेत म्हणून सुपरवायझरने एक बटण टेप लावून दाबून ठेवलेलं. डाव्या हाताची दोन बोटं गेली. तिथे निघणारा ब्रॅकेट कुठल्या गाडीत जातो ते अख्ख्या शॉपला ठाऊक, आणि त्या गाडीच्या कंपनीच्या रिपोर्टात अपघात शून्य. कंत्राटी पोरं यांच्या हिशेबात माणसंच नाहीत.

ऑडिटवाली
वाचून फार वाईट वाटलं. पण चुकीचं लिहू नका, कंत्राटी कामगार धरूनच आकडा द्यायचा अशी तक्त्याखाली टीप आहे.

भोसरी_प्रेस
असेल, मान्य. पण ते कंपनीच्या गेटच्या आतले. माझा भाऊ गेटच्या बाहेरचा.

ऑडिटवाली
पुरवठादार व्हॅल्यू चेनमध्ये, म्हणजे कंपनीला माल देणाऱ्या-घेणाऱ्यांच्या साखळीत येतात, वरच्या 250 कंपन्यांना तेही...

चाकण_टूलरूम
येणार होतं म्हणा! 2025 मध्ये ऐच्छिक करून टाकलं. शिवाय ज्याच्याकडून कंपनीच्या एकूण खरेदीच्या 2 टक्के किंवा जास्त खरेदी असेल तोच पुरवठादार धरायचा. बारा प्रेसचा शॉप कुठून 2 टक्के होणार?

शॉपमालक
आमचंही ऐका. मोठ्या कंपन्या दर वर्षी रेट कमी करून मागतात आणि वर सेफ्टीची भलीमोठी एक्सेल भरायला पाठवतात. लाइट कर्टन (हात मध्ये आला की प्रेस थांबवणारा सेन्सर) लावायचं तर पैसे कुणी द्यायचे?

भोसरी_प्रेस
टेप काढायला किती पैसे लागतात?

शॉपमालक
ते बरोबर आहे तुमचं. माझ्याकडे मी तसं चालू देत नाही. पण रेटचं बोललो ते खोटं नाही.

ऑडिटवाली
पुरवठादारांचं ऐच्छिक करायला नको होतं, एवढं मानते. म्हणून बाकी सगळं मोजणं फुकट गेलं असं मी म्हणणार नाही.

भोसरी_प्रेस
फुकट मी पण म्हटलं नाही. पण एक ब्रॅकेट वाकडा निघाला तर बॅच नंबर बघून दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा क्वालिटीचा माणूस शॉपच्या दारात हजर असतो. बोटं गेली तेव्हा कुणी आलं नाही.