२२ फुटी फायबर होडीला आउटबोर्ड (मागच्या फळीला टांगायचं मशीन) कोणतं घ्यावं? जुनं ९.९ एचपीचं पावसाळी मासेमारी बंदीनंतर जाम झालं

खाडीकडचा_देवगड

नमस्कार मंडळी. आमची २२ फुटी फायबर होडी आहे देवगडच्या बाजूला, मी, धाकटा भाऊ आणि एक खलाशी असे तिघं जातो, जाळी, बर्फ, डबे धरून अडीचशे-तीनशे किलो वजन सहज होतं आणि बांगडा लागला तर येताना त्याहून जास्त. बाबांनी घेतलेलं ९.९ एचपीचं टू स्ट्रोक मशीन होतं, अकरा वर्षं चाललं, समुद्रात कधी दगा दिला नाही. यंदा ३१ मेला होडी वर ओढली, मशीन काढून पडवीत उभं करून ठेवलं, वर ताडपत्री बांधली. नारळी पौर्णिमेला पूजा करून दोरी ओढली तर दोरी जागची हललीच नाही. मेकॅनिकने उघडलं तर क्रँकच्या बेअरिंगला गंज आणि एक पिस्टन सिलिंडरला चिकटलेला. दुरुस्तीचा आकडा एवढा सांगितला की त्यात थोडे घालून नवीनच घ्यावं असं ठरलं, सोसायटीतून कर्ज घेतोय.

आता प्रश्न असा की १५ घ्यावं की एकदम २५, टू स्ट्रोक की फोर स्ट्रोक, काहीजण केरोसीनवालं घे म्हणतात. आणि मुख्य म्हणजे जे चालत होतं ते दोन महिने नुसतं उभं राहून मेलं कसं, हे मला समजून घ्यायचंय, कारण नवीन घेऊन परत तेच झालं तर परवडणार नाही. सध्या चुलत्यांच्या होडीवर जातोय, हंगाम जातोय हातचा.

मशीनशेड_रत्नागिरी

भाऊ, तुझा शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण त्याचं उत्तर कळलं तर कुठलंही मशीन घेतलंस तरी टिकेल. वीसेक वर्षं आउटबोर्ड उघडतोय, दरवर्षी ऑगस्टमध्ये माझ्या शेडमध्ये जी रांग लागते त्यातली निम्म्याहून जास्त मशीनं समुद्रात बिघडलेली नसतात, जून-जुलैत घरात बिघडलेली असतात.

टू स्ट्रोकला वेगळं इंजिन ऑइल नसतं, पेट्रोलमधून जे ऑइल जातं तेच बेअरिंगवर, पिस्टनवर बसतं. शेवटच्या फेरीला जे पातळ थर राहिलेत त्यावर ६१ दिवस कोकणातला पाऊस आणि दमट हवा, आत थोडं खारं राहिलेलं असतं, गंज चढायला अजून काय पाहिजे. त्यात आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून सुटतं आणि टाकीच्या तळाला बसतं. तुझी ओढणारी नळी कुठे असते? तळालाच. आणि मिसळलेलं ऑइल राहतं वरच्या पेट्रोलबरोबर. म्हणजे सीझनला पहिली दोरी मारलीस आणि मशीन चालू झालं असतं तरी ते काही मिनिटं बिनऑइलचं चाललं असतं. तुझं तिथपर्यंत पोचलंच नाही, आधीच गंजलं. जुन्या टाकीतलं पेट्रोल बाटलीत काढून बघ, खाली वेगळा थर दिसतो का ते कळव.

आता घ्यायचं कुठलं. २५ कशाला? भरलेली होडी पाणी कापत चालते, पाण्यावर उचलून पळत नाही, आणि अशा होडीचा वेग तिच्या लांबीने बांधलेला असतो. पाण्याला टेकलेली लांबी २० फूट धरली तर साधारण ६ नॉट, त्यानंतर तू कितीही एचपी लावलीस तरी मागचं बूड खाली बसतं, लाट मोठी होते आणि पेट्रोल जळतं. रिकामी होडी २५ वर पळेल हे खरं, पण तू रिकामी होडी घेऊन धंद्याला जात नाहीस. १५ पुरेसं आहे, वारा आडवा आला आणि ओहोटीला खाडीच्या तोंडातून आत शिरायचं असलं तर ९.९ पेक्षा जी ताकद हातात लागते ती १५ मध्ये मिळते.

दुकानात जायच्या आधी टेप घेऊन होडीवर जा आणि मागच्या फळीची, जिथे मशीन अडकवतो तिथली, वरच्या कडेपासून तळापर्यंत उंची मोज. १५ इंचाच्या आसपास असेल तर शॉर्ट शाफ्ट, २० च्या आसपास असेल तर लाँग. पंख्याच्या वर जी आडवी प्लेट असते ती होडीच्या तळाच्या पातळीत किंवा इंचभर खाली यायला हवी. वर राहिली तर लाटेत पंखा हवा खातो, मशीन नुसतं ओरडतं, फार खाली गेली तर मशीनचा पाय, म्हणजे पाण्यातला खालचा भाग, पाण्यात ओढत राहतो. मी लोकांना ऑफरमध्ये स्वस्त मिळालं म्हणून चुकीचा शाफ्ट घेऊन आलेलं बघितलंय, मग फळी कापायची नाहीतर वर लाकूड चढवायचं.

केरोसीनचं म्हणशील तर त्यासाठी बनवलेलंच मॉडेल लागतं, सुरू पेट्रोलवर करायचं, गरम झालं की केरोसीनवर टाकायचं आणि बंद करायच्या आधी परत पेट्रोलवर आणायचं म्हणजे कार्ब्युरेटरमधलं केरोसीन निघून जातं. साध्या पेट्रोलच्या मशीनमध्ये केरोसीन घालू नकोस. आपल्याकडे ते नियमित मिळायचेच वांधे, मी तरी सुचवणार नाही.

हर्णै_होडी

दादा, मी समुद्रावर जात नाही पण आमच्या दोन्ही होड्यांचा हिशोब माझ्याकडे असतो म्हणून लिहिते. एका होडीला १५ चं टू स्ट्रोक आहे, दुसरीला तीन वर्षांपूर्वी १५ चंच फोर स्ट्रोक घेतलं, होड्या साधारण सारख्या, जाग्यापण त्याच. माझ्या वहीत टू स्ट्रोकला एका फेरीला १४ लिटर पडतं आणि फोर स्ट्रोकला साडेनऊ-दहा, वर टू स्ट्रोकचं ऑइल वेगळं. मोठ्या बोटींना डिझेलवर परतावा मिळतो, आम्ही आउटबोर्डचं पेट्रोल पंपाच्या भावानेच घेतो, त्यामुळे फेरीला चार लिटर म्हणजे महिन्याचा आकडा तुम्हीच लावा. घेताना फोर स्ट्रोक बऱ्यापैकी महाग पडलं, पण दीड सीझनमध्ये फरक निघाला.

पण एक त्रास सांगते. टू स्ट्रोक एक माणूस खांद्यावर टाकून वाळूतून घरी आणतो, फोर स्ट्रोकला दोघं लागतात. आणि मशीन रोज घरी आणून धुतलं जातं ते हलकं आहे म्हणूनच, जड मशीन होडीवरच राहतं आणि धुवायचं उद्यावर जातं. आम्ही आता किनाऱ्यावरच २०० लिटरचं पिंप कापून ठेवलंय, गोड्या पाण्याने भरलेलं, होडी लागली की मशीन त्यात दहा मिनिटं चालवल्याशिवाय कुणी घरी जेवायला जात नाही, हा नियम मी केलाय आणि त्यावरून घरात भांडणंही झालीत.

मशीनशेड_रत्नागिरी

ताई, पिंपाची गोष्ट अगदी बरोबर केलीत. त्यात एवढंच बघा की पाणी त्या आडव्या प्लेटच्या वर असलं पाहिजे, आणि मागून जी बारीक धार उडते ती जोरात येतेय ना. पाण्याबाहेर मशीन एक मिनिटही चालवायचं नाही, आतला पाणी ओढणारा रबरी पंखा, म्हणजे इम्पेलर, कोरडा फिरला की जळतो. धार बारीक झाली तर आधी भोकात बारीक तार घालून बघा, मीठ किंवा वाळू अडकलेली असते, तरीही नसेल तर इम्पेलर बदला. खाडीतून ये-जा करणाऱ्यांचा इम्पेलर गाळाने लवकर झिजतो, मी दर सीझनला बदलायला सांगतो, मशीन गरम होऊन पिस्टन धरण्याच्या खर्चापुढे तो काहीच नाही.

वजनाचंही खरं आहे, टू स्ट्रोक १५ हे ३६ ते ४० किलोच्या आसपास, फोर स्ट्रोक ४५ ते ५०. आणि फोर स्ट्रोक आडवं ठेवायचं तर पुस्तकात दाखवलेल्या बाजूवरच, दुसऱ्या बाजूला टाकलं तर ऑइल सिलिंडरमध्ये उतरतं. फोर स्ट्रोकचं ऑइल पहिल्यांदा २० तासांनी आणि मग दर १०० तासांनी बदलायचं. शौकिया लोकांना १०० तास व्हायला वर्ष लागतं, तुम्ही रोज पाच तास चालवता म्हणजे २० दिवसांत झाले. हे कुणी धरतच नाही, 'अजून सहा महिने कुठे झालेत' म्हणतात. पिठाच्या गिरणीवर लावतात तसं कॅलेंडर लावा आणि तास लिहा.

मालवणी_पात

माझा एक अनुभव. गेल्या सीझनला गिअर ऑइल काढलं तर दुधासारखं पांढरं, म्हणजे आत पाणी. तीन आठवड्यांपूर्वी बदललेलं. पंखा काढून बघितला तर मागे शाफ्टला तंगुसाची, म्हणजे जाळ्याच्या नायलॉन दोऱ्याची, नऊ-दहा वेटोळी, ती आत सरकून सरकून ऑइल सील कापलं होतं. जाळ्याचे तुकडे तरंगत असतात, आपल्याच जाळ्याचा तुकडापण असतो, पंख्याला लागला की आपण वरचं कापून टाकतो आणि पुढे जातो, पण आतलं राहतंच. तेव्हापासून दर रविवारी पंखा काढून शाफ्ट बघतो, ग्रीस लावतो, परत घालतो, वीस मिनिटांचं काम. गिअर ऑइल घालताना खालच्या भोकातून वर येईपर्यंत घालायचं, वरून घातलं तर हवा अडकते आणि कमी भरतं.

आणि मशीन पाण्यात पडला तर काय करूचा ता सगळ्यांका माहीत असूक होया. आमच्या शेजाऱ्याचा क्लॅम्प सैल होऊन गेल्ला, वर काढल्यानी आणि दोन दिवस मेकॅनिकची वाट बघित उन्हात ठेवल्यानी, संपला. मशीन सुकूक देव नको. गोड्या पाण्यान धुवन, प्लग काढून दोरी मारून आतला पाणी बाहेर काढायचा, मग आत ऑइल घालून त्याच दिवशी चालू करायचा, ता जमला नाय तर गोड्या पाण्याच्या पिंपात बुडवून ठेवायचा मेकॅनिक येईसर. हवा लागली की गंज चढलो. आणि क्लॅम्पाक दोरी बांधा रे, मशीनाक वेगळी जाड दोरी होडयेक बांधलेली असूक होयी.

खाडीकडचा_देवगड

सगळ्यांचे आभार. जुनी टाकी उघडली, पेट्रोल काचेच्या बाटलीत काढलं. तळाला दोन बोटं वेगळा गढूळ थर आहे, वर नीळसर ऑइलवालं पेट्रोल. बघून वाईट वाटलं, बाबा ते मशीन मुलासारखं सांभाळायचे, पण त्यांच्या वेळी पेट्रोल असं नव्हतं आणि ते ठेवायचे तसंच मीपण ठेवलं. ऑइलही ते अंदाजाने ओतायचे, तेच मी करत होतो.

फळी मोजली, १६ इंच. हर्णैच्या ताईंचा हिशोब घरात वाचून दाखवला, फोर स्ट्रोक १५ शॉर्ट शाफ्ट ठरतंय. चुलते टू स्ट्रोकच चालवतात त्यामुळे त्यांच्यासाठी विचारतोय, ऑइल नेमकं किती घालायचं ते सांगा. आणि पुढच्या ३१ मेला मी नक्की काय काय करू?

मशीनशेड_रत्नागिरी

चुलत्यांना सांग, ५० ला १ असेल तर लिटरला २० मिली, म्हणजे २४ लिटरच्या टाकीला ४८० मिली, मापाचं भांडं वापरायचं. नवीन टू स्ट्रोकला सुरुवातीला २५ ला १, लिटरला ४० मिली. ऑइल टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलं, बाईकचं चालत नाही, आउटबोर्ड पाण्याने थंड होतं आणि बाईक हवेने, दोन्हीचं ऑइल वेगळं असतं.

३१ मे. आदल्या आठवड्यात टाकीत पेट्रोल कमीच ठेव म्हणजे उरणार नाही, उरलं तर गाडीत घाल, बंदीभर टाकी रिकामी आणि सुकी. शेवटच्या दिवशी गोड्या पाण्याच्या पिंपात पंधरा मिनिटं, मशीन गरम होईपर्यंत, म्हणजे आतला थर्मोस्टॅट उघडतो आणि पुढपर्यंत मीठ धुतलं जातं. चालू असतानाच हवा जाते तिथून फॉगिंग ऑइलचा (आतून गंज धरू नये म्हणून मारायच्या ऑइलचा) स्प्रे मार, मशीन पांढरा धूर सोडेल, मग बंद कर. कार्ब्युरेटरच्या तळाचा स्क्रू सोडून उरलेलं काढ, हे लोक विसरतात आणि ऑगस्टमध्ये जेट चिकटलेले घेऊन येतात. प्लग काढून प्रत्येक भोकात परत थोडं फॉगिंग, दोरी हळू दोन-चारदा, प्लग लाव. इंजिन ऑइल आणि गिअर ऑइल दोन्ही तेव्हाच बदल, ऑगस्टमध्ये नाही, वापरलेल्या ऑइलमध्ये आम्ल आणि पाणी असतं ते दोन महिने आत कशाला ठेवायचं. झिंकचा तुकडा निम्मा खाल्ला गेला असेल तर नवीन, आणि त्याला रंग लावू नकोस, रंग लावला की तो कामच करत नाही, मग मीठ तुझ्या मशीनचं ॲल्युमिनियम खातं. ठेवताना उभं, स्टँडवर, पाय खाली, म्हणजे उरलेलं पाणी निथळतं. ताडपत्री घट्ट गुंडाळू नको, आत वाफ धरते, जुनी चादर बरी. आणि बंदीत दर पंधरा दिवसांनी दोरी हळू एकदा फिरव.

पंखा मात्र दुकानदार देतो तोच घेऊ नकोस. बहुतेकवेळा पळणाऱ्या हलक्या होडीचा पिच (पंखा एका फेऱ्यात जेवढा पुढे सरकतो ते इंचांतलं माप) असतो. प्लगच्या वायरीला गुंडाळायचं छोटं आरपीएम मीटर मिळतं, ते लाव, होडी भरलेली असताना पूर्ण थ्रॉटल दे. पुस्तकातली रेंज साधारण ५००० ते ६००० असेल, तू ४५०० वरच अडकलास तर पिच जास्त आहे, एक-दोन इंच कमीचा घे. कमी आरपीएमवर दम लावत राहिलं की मशीन तापतं आणि पेट्रोलही जास्त खातं.

फळीची जाडी किती आहे ते पण मोजून सांग. आणि मशीन नंबर आला की होडीच्या नोंदणीत चढवून घे, विमा करताना तोच विचारतात.

खाडीकडचा_देवगड

जाडी पावणेदोन इंच, पण आतलं प्लायवूड एका बाजूने मऊ लागतंय, टाचणी आत जाते. क्लॅम्प तिथेच येतो.

मशीनशेड_रत्नागिरी

मग आधी ती फळी. मऊ झालेलं प्लायवूड पूर्ण काढून नवीन मरीन प्लाय आणि फायबर मारून घे, आठवडा जाईल पण त्यावर ४५ किलोचं नवीन मशीन टांगू नकोस. बोल्ट मारशील त्या भोकांत सिलंट भर, पाणी तिथूनच शिरलेलं असणार. जुनं मशीनही घेऊन ये, पाय आणि गिअर चांगला असेल तर सुटे भाग म्हणून कुणाला तरी देऊ, तेवढेच कर्जात कमी.

खाडीकडचा_देवगड

फायबरवाल्याला आत्ताच फोन केला, परवा होडी बघायला येतोय. ते झालं की रत्नागिरीला येतो, जुनं मशीन बरोबर घेऊन.