मदत हवी आहे : आईच्या हातासाठी मिरर थेरपी आणि टीडीसीएस एकत्र (पुणे)

नमस्कार मंडळी,

आईला (वय ६१) जानेवारीत स्ट्रोक आला. मेंदूच्या उजव्या बाजूला गुठळी, त्यामुळे डावं अंग गेलं. पाय बराच सावरलाय, घरातल्या घरात काठीशिवाय चालते. बोलणं, स्मरण शाबूत आहे. अडलंय ते हातावर. खांदा उचलते, कोपर वाकवते, पण बोटं मिटली की उघडत नाहीत. आंघोळीनंतर एकेक बोट सोडवून मूठ उघडावी लागते, तेव्हा कुठे तळवा कोरडा करता येतो.

घरी येणाऱ्या फिजिओताईंनी मिरर थेरपी सुरू केली आहे. टेबलावर छातीसमोर आरसा उभा करायचा, डावा हात त्याच्या मागे, आणि उजव्या हाताची हालचाल आरशात बघत राहायची. डोळ्यांना वाटतं डावाच हात हलतोय. दोन्ही हात सारखे दिसायला हवेत म्हणून अंगठी-बांगड्या काढा, असं ताईंनी सांगितलं. डाव्या हातातल्या काचेच्या बांगड्या अ‍ॅडमिट केलं तेव्हाच वाढवल्या होत्या, पण उजवा हात मोकळा करायला आई काही केल्या तयार होईना. शेवटी तुळशीबागेतून सैल मापाच्या तशाच बांगड्या आणल्या आणि डाव्या हातात भरल्या. आता रोज अर्धा तास मन लावून करते. परवा आरशामागे तिचा अंगठा जरासा बाहेर सरकला. मी आरशामागच्या बाजूला बसले होते, मला स्पष्ट दिसलं.

आता कर्वे रोडकडच्या एका सेंटरने टीडीसीएस सुचवलंय. ओल्या स्पंजचे दोन पॅड डोक्याला लावून २० मिनिटं २ मिलिअँपिअरचा सौम्य करंट. मेंदूच्या मार बसलेल्या बाजूला अ‍ॅनोड (धन टोकाचा पॅड) लावून तिला चेतवायचं, आणि चांगली बाजू तिला दाबून ठेवते म्हणून तिला शांत करायला तिकडे कॅथोड (ऋण टोकाचा पॅड), असं त्यांनी समजावलं. पण पॅकेज नुसत्या करंटचं आहे. आरशाचा व्यायाम म्हणे घरी जाऊन करा. आम्ही धायरीला राहतो. संध्याकाळी सिंहगड रोडने घरी पोचेपर्यंत तास जातो आणि आई पार गळून जाते. करंटचा परिणाम तोवर टिकतो का? दोन्ही एकाच वेळी करायला हवं की आधी करंट आणि मग आरसा?

दुसऱ्या एका डॉक्टरांनी आरटीएमएसचं (करंटऐवजी डोक्याबाहेरून चुंबकीय लहरी द्यायच्या उपचाराचं) नाव काढलं. आईला पहिल्याच आठवड्यात एकदा आकडी आली होती, गोळी अजून चालू आहे, म्हणून मला भीती वाटते. भाऊ म्हणतो, ऑनलाइन किट मागवून टीडीसीएस घरीच करू. पैशांची सोय करता येईल, पण हे सुरुवातीचे महिने परत मिळणार नाहीत. पुण्यात कोणी दोन्ही एकत्र केलं असेल तर कृपया लिहा.

प्रतिसाद १

ताई, मी न्यूरो फिजिओ आहे. आईंना तपासलेलं नाही, त्यामुळे हे सर्वसाधारण समजा.

तुम्हाला जे खटकलं ते बरोबर आहे. करंट एकट्याने हात उघडत नाही. तो मेंदूला थोडा वेळ शिकायला तयार करतो आणि त्या वेळात सराव झाला तरच काही हाती लागतं. २००१ साली निट्शे आणि पाउलुस या संशोधकांनी निरोगी माणसांवर १३ मिनिटं करंट देऊन पाहिला, तेव्हा परिणाम दीड तासापर्यंत टिकला होता. पण ती निरोगी माणसं होती, दमूनभागून रिक्षातून उतरलेला पेशंट नव्हे. करंट आधी की सोबत, यावर लहान लहान अभ्यास झालेत आणि सगळ्यांचं एकमत नाही. माझ्या मते सेंटरला सरळ सांगा, आरसा तिथेच, करंट चालू असताना किंवा संपल्या संपल्या. तयार नसतील तर पॅकेज घेऊ नका.

मिरर थेरपीचा आधार जास्त भक्कम आहे. २०१८ च्या कॉक्रेन आढाव्यात (ही संस्था एका उपचारावरचे सगळे अभ्यास एकत्र तपासते) ६२ अभ्यास होते आणि हालचाल सुधारते असाच निष्कर्ष निघाला. उलट त्याच वर्षी छापून आलेल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत मेंदूच्या चांगल्या बाजूवर आरटीएमएस देऊन पाहिलं. खरं मशीन आणि खोटं मशीन, दोन्ही गटांत साधारण दोन तृतीयांश लोक सुधारले, कारण हाताचा व्यायाम दोघांनाही सारखाच कसून दिला होता.

आकडीचं मात्र गांभीर्याने घ्या. आरटीएमएसमुळे क्वचित आकडी येऊ शकते आणि आधी येऊन गेली असेल तर धोका वाढतो. टीडीसीएसच्या बहुतेक अभ्यासांतही असे पेशंट घेत नाहीत. न्यूरॉलॉजिस्टच्या लेखी होकाराशिवाय दोन्ही नको. डोक्यात क्लिप किंवा प्लेट, छातीत पेसमेकर असेल तर तेही आधी सांगा. घरचं किट अजिबात नको. पॅड चुकीच्या जागी बसतो, स्पंज सुकला तर कातडी भाजते.

आणि एक. मूठ इतकी घट्ट असेल तर बोटॉक्सच्या इंजेक्शनबद्दल विचारा. बोटं वाकवणारे स्नायू साधारण तीन महिने सैल पडतात, त्या काळात उघडण्याचा सराव करून घेता येतो.

प्रतिसाद २

माझ्या सासऱ्यांनी टीडीसीएस घेतलं, शहरातच. पॅडखाली खाज आणि मुंग्या, बाकी त्रास काही नाही. त्यांच्या ओटीताई (ऑक्युपेशनल थेरपिस्ट, रोजची कामं पुन्हा शिकवणाऱ्या) करंट चालू असतानाच आरशासमोर पेला धरायला आणि सोडायला लावायच्या. पेला धरता येतो आता. किती करंटमुळे आणि किती सरावामुळे, सांगता येणार नाही. सुरू करण्याआधी फ्यूगल-मेयर या हालचाल मोजायच्या चाचणीचे गुण (हाताचे ६६ पैकी) लिहून घ्या. नाहीतर फरक पडला का, हे नुसतं अंदाजाने ठरवावं लागतं.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. किटचा विषय बंद, भावाला तुमचा प्रतिसाद वाचायला दिला. न्यूरॉलॉजिस्टची वेळ मंगळवारची मिळाली आहे, आकडी आणि बोटॉक्स दोन्ही विचारते. फिजिओताई उद्याच गुण काढणार आहेत. सेंटरला फोन केला, आरसा तिथे चालेल का म्हणून, तर विचारून कळवतो म्हणाले. बोटॉक्सनंतर आरशाचा सराव लगेच सुरू करायचा की परिणाम दिसायला लागल्यावर, एवढं कोणी सांगाल का?