मिशिगन फुटबॉलचा सर्वांत मोठा विजय: १९६९ चा की २०२३ चा?

हुरॉनकाठ
२०२३ च्या मोसमात मिशिगन विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाने १५ पैकी १५ सामने जिंकून राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. तेव्हापासून विद्यापीठाच्या गावी, अ‍ॅन आर्बरच्या मराठी मंडळींत 'याहून मोठं काही नाही' असं सरसकट बोललं जातं. मला ते अजिबात पटत नाही. माझं मत १९६९ ला.

१९६८ मध्ये ओहायो स्टेटने आपल्याला ५०-१४ असं धुतलं होतं. पुढच्या वर्षी बो शेंबेकलर प्रशिक्षक म्हणून आले आणि समोर उभे होते त्यांचेच गुरू, ओहायोचे प्रशिक्षक वुडी हेज. ओहायो सलग २२ सामने जिंकून आलेला, गतविजेता. २२ नोव्हेंबरला आपण २४-१२ ने जिंकलो. सगळे गुण मध्यंतरापर्यंतच झाले होते, त्यानंतर आपल्या बचावफळीने त्यांना एक गुण घेऊ दिला नाही. बॅरी पियर्सनने तर कमालच केली: ओहायोचे तीन पास हवेतल्या हवेत पळवले, शिवाय त्यांनी लाथेने लांब उडवलेला चेंडू (पंट) झेलून ६० यार्ड धावत चेंडू गोलरेषेच्या तोंडाशी नेला.

पिवळानिळा
काका, त्या मोसमाचा शेवटही सांगा ना. रोझ बोलच्या, म्हणजे मोसमाअखेरच्या मोठ्या सामन्याच्या, तोंडावर बोंना हृदयविकाराचा झटका आला आणि आपण कॅलिफोर्नियाच्या यूएससी विद्यापीठाकडून १०-३ ने हरलो.

आता २०२३ च्या मोसमाचा रोझ बोल बघा, तो उपांत्य सामना होता. अलाबामा २०-१३ ने पुढे, पाच मिनिटंही उरलेली नाहीत. चौथा म्हणजे शेवटचा प्रयत्न आणि चेंडू राखायला दोन यार्ड पुढे जायलाच हवं. हुकलं तर चेंडू त्यांचा आणि मोसम तिथेच संपला. आपला क्वार्टरबॅक (पास देणारा मुख्य खेळाडू) मॅकार्थीने ब्लेक कोरमला पास दिला, तो पळत सुटला, पुढे रोमन विल्सनने टचडाउन करून, म्हणजे चेंडू गोलरेषेपार नेऊन, बरोबरी साधली. जादा वेळेत कोरमचं टचडाउन. मग अलाबामाचा शेवटचा प्रयत्न, गोलरेषा तीन यार्डांवर, आणि त्यांचा क्वार्टरबॅक मिलरोला आपल्या पोरांनी तिथेच गाडला. २७-२०! अंतिम सामन्यात वॉशिंग्टनला ३४-१३ ने हरवलं. याच्या तोडीचं काय आहे?

कोलंबसकर
मी ओहायोच्या बाजूचा, तरी १९६९ ला मत देतो. तो विजय निखळ होता. २०२३ वर डाग आहे. पुढे ज्यांच्याशी खेळायचं त्यांच्या सामन्यांना माणसं पाठवून त्यांच्या प्रशिक्षकांच्या डावपेचांच्या खुणा टिपणं नियमबाह्यच. २०२५ मध्ये एनसीएएने, म्हणजे महाविद्यालयीन खेळांच्या नियामक संघटनेने, मिशिगनला जबर दंड ठोठावला तो उगाच नाही.

पिवळानिळा
दंड झाला, विजेतेपद काढून घेतलं नाही. प्रकरण ऑक्टोबरात बाहेर आलं आणि सगळे मोठे सामने त्यानंतरचे. पेन स्टेटविरुद्ध आपले प्रशिक्षक हार्बॉ निलंबित असताना आपण सलग ३२ वेळा चेंडू घेऊन नुसते धावलो. पुढे काय येणार ते सगळ्या मैदानाला ठाऊक होतं, तरी त्यांना अडवता आलं नाही. त्यात कसल्या खुणा चोरायच्या?

लान्सिंगची वैदेही
तुमच्या यादीत १९३४ कुठेच नाही, याचं मला वाईट वाटतं. कृष्णवर्णीय खेळाडू असेल तर खेळणार नाही म्हणून जॉर्जिया टेक अडून बसलं आणि मिशिगनने विलिस वॉर्डला बाहेर बसवलं. त्याचा जवळचा मित्र जेराल्ड फोर्ड, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला, संघ सोडायच्या विचारात होता. सामना आपण ९-२ ने जिंकलो. त्या मोसमातला तो एकमेव विजय! १९९९ मध्ये मिशिगनच्या, वंशाचाही विचार करणाऱ्या प्रवेशधोरणाची बाजू घेताना फोर्ड यांनी वॉर्डचीच हकीकत लिहिली. या संघाचा इतिहास सांगायचा तर हेही सांगावंच लागेल.

हुरॉनकाठ
वैदेहीताई, अगदी खरं, हे सांगितलंच पाहिजे.

पिवळानिळा, विजेतेपदं आपल्याला १९०१ पासून ठाऊक आहेत. त्या संघाने अख्ख्या मोसमात ५५० गुण केले आणि एकही दिला नाही. पण १९६९ च्या आधी साठच्या दशकात बिग टेनचं, म्हणजे आपल्या विद्यापीठगटाचं, विजेतेपद एकदाच मिळालं होतं. त्या पडत्या काळातून १९६९ ने बाहेर काढलं. १९६९ पासूनच्या दशकभराच्या मिशिगन-ओहायो झुंजीत बो पाच वेळा जिंकले, हेज चार वेळा, एक सामना बरोबरीत. आणि १९७५ पासून कोविडचं वर्ष सोडलं तर घरच्या प्रत्येक सामन्याला लाखावर माणूस येतो. ती गर्दी २०२३ च्या संघाला आयती मिळाली. जमवली ती बोंच्या पोरांनी.