पार्ले पूर्वेला १९८४ च्या इमारतीतला टूबीएचके: टोकन देण्याआधी काय काय बघू?

घरशोध
विलेपार्ले पूर्व, स्टेशनपासून चालत दहा मिनिटं. तळ अधिक चार मजले, लिफ्ट नाही, २० घरांची सोसायटी. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. एजंटच्या म्हणण्यानुसार ७२० चौ. फूट बिल्टअप (भिंतींची जाडी धरून) आणि ‘दोन वर्षांत रिडेव्हलपमेंट, म्हणून भाव थोडा चढा’. घर नुकतंच रंगवलंय, हॉलला नवं पीओपी सीलिंग आहे. घर आईच्या नावावर होतं, ती गेल्यावर आता भाऊ-बहीण विकतायत. बहीण दुबईत असते. एक ओपन पार्किंग ‘फ्लॅटबरोबर’ मिळणार म्हणतात. टोकन याच आठवड्यात हवंय. कशावर अडून बसू आणि काय सोडून देऊ?

कोबा_गिलावा
फ्लॅट नंतर बघा, आधी इमारत बघा. मीटररूम, पंपाची खोली आणि जिन्याखालची जागा सहसा कोणी रंगवत नाही, त्यामुळे खरं काय ते तिथेच दिसतं. कॉलमच्या कोपऱ्याला समांतर, उभा सरळ तडा असेल तर आतली सळई गंजलेली असण्याची शक्यता दाट. लोखंड गंजलं की फुगतं आणि वरचं काँक्रीट बाहेर ढकलतं. गिलाव्यावरच्या जाळीसारख्या बारीक भेगांना घाबरू नका, त्या बहुतेक गिलावा आकसल्याच्या असतात. संशय आला तर नाण्यानं ठोकून बघा. घट्ट असेल तर टणटणीत वाजतं, सुटलं असेल तर बद्द.

सोसायटीकडून स्ट्रक्चरल ऑडिटचा (इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा) पूर्ण अहवाल मागा, नुसतं शेवटचं पान नको. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (नमुना नियमावलीप्रमाणे) १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं ऑडिट दर ५ वर्षांनी आणि ३० च्या पुढे दर ३ वर्षांनी व्हायला हवं. म्हणजे या इमारतीचं एव्हाना बऱ्याचदा झालेलं असलं पाहिजे. वर्ग बघा: सी-१ म्हणजे पाडायचीच, सी-२ए म्हणजे काही भाग रिकामा करून मोठी दुरुस्ती, सी-२बी म्हणजे लोक राहात असताना स्ट्रक्चरल दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ. मग हाफ-सेल चाचणीचे (सळईचा गंज विजेच्या दाबावरून तपासतात त्याचे) आकडे वाचा. उणे ३५० मिलिव्होल्टच्या पलीकडे गेलेल्या जागी सळई गंजत असण्याची शक्यता ९० टक्क्यांच्या वर धरतात. असे आकडे तळमजल्याच्या कॉलममध्ये असतील तर सी-२बी लिहिलंय म्हणून निर्धास्त होऊ नका. दुरुस्तीचं अंदाजपत्रक आलं असेल तर ते २० घरांत वाटा. तुमच्या वाट्याला येणारी रक्कम हाच भाव पाडून मागायचा पहिला आधार.

आता गळती. नवा रंग आणि नवं पीओपी एकत्र दिसलं की सीलिंगवरचा एखादा दिवा काढून खाचेतून टॉर्चनं वरचा स्लॅब बघायचा. पिवळट कडा, पांढरी पावडर, सळईची उघडी रेघ, जे असेल ते दिसेल. जुन्या इमारतींत संडास-बाथरूमचा स्लॅब खाली बसवलेला असतो आणि वर विटांच्या तुकड्यांचा कोबा भरलेला असतो. नहाणी ट्रॅपचा (मोरीच्या जाळीखालच्या भांड्याचा) सांधा सुटला की पाणी त्या कोब्यात साठतं, महिनोन्‌महिने मुरतं आणि खालच्या घरात उतरतं. म्हणून दोन घरांची बेल वाजवायची. चौथ्या मजल्यावर विचारा, बाथरूम कधी फोडलं होतं आणि मोरीची जागा हलवली का. दुसऱ्या मजल्यावर विचारा, छतावर डाग आहे का. तुमचं बाथरूम त्यांच्या डोक्यावर गळत असेल तर ती दुरुस्ती तुमच्या माथी येणार. उपविधींप्रमाणे संडास-मोरीची आतली गळती सभासदाच्या खर्चाची, बाहेरचे पाईप आणि गच्चीतून शेवटच्या मजल्यावर येणारं पाणी सोसायटीच्या खर्चाचं. डक्टमध्ये (पाईपांच्या उभ्या पोकळीत) अजून बिडाचे (ओतीव लोखंडाचे) पाईप असतील तर तेही लिहून ठेवा.

किचनच्या टाइल्स, वायरिंग, खिडक्या हे सगळं सोडून द्या. ते तुम्ही तसंही बदलणार.

इंडेक्स_टू
कागदांत तुमच्याकडे तीन गाठी आहेत.

पहिली, वारस. सोसायटीनं नॉमिनीच्या नावावर शेअर सर्टिफिकेट केलं म्हणजे मालकी आली असं नाही. नॉमिनी हा वारसांचा विश्वस्त. आईचं मृत्युपत्र होतं का? नसेल तर सगळे वारस दस्तात विक्रेते म्हणून हवेत किंवा ज्यांनी हक्क सोडला त्यांचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र हवं. वडील हयात आहेत का, आधी वारलेल्या भावंडाची मुलं आहेत का, हे एजंटला नाही, थेट कुटुंबाला विचारा.

दुसरी, दुबईची बहीण. घर ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर भावाच्या वाट्यावर १ टक्का टीडीएस (पैसे देतानाच कापून सरकारकडे भरायचा आयकर) कापावा लागेल. अनिवासी विक्रेत्याला तो दर लागू नाही, खूप जास्त कापावा लागतो. कमी दराचं प्रमाणपत्र आयकर खात्याकडून तिनं आधी काढायचं असतं, आणि त्याला वेळ लागतो. ती कुलमुखत्यारपत्र (आपल्या वतीनं सही करायचा अधिकार देणारा कागद) देऊन दुसऱ्याकडून सही करवणार असेल तर ते भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत इथे मुद्रांकित व्हायला हवं. दिसायला बारीक गोष्ट, पण नोंदणीच्या टेबलावर व्यवहार अडतो तो इथेच.

तिसरी, जुनी साखळी. बिल्डरच्या पहिल्या करारापासून प्रत्येक मूळ करार, मुद्रांक आणि नोंदणीची पावती मागा. १० डिसेंबर १९८५ पासून विक्रीच्या करारावर पूर्ण मुद्रांक शुल्क लागू झालं. त्यानंतर मध्येच एखादा हस्तांतराचा करार कमी मुद्रांकावर असेल, तर बँकेचा वकील तो बाहेर काढतो आणि दंडासकट भरायला लावतो. तो खर्च विक्रेत्याचा, असं टोकनच्या चिठ्ठीतच लिहून घ्या.

शिवाय सोसायटीचं थकबाकी नसल्याचं पत्र. थकबाकीवर सोसायटीचा पहिला बोजा असतो आणि तो घराबरोबर तुमच्याकडे येतो. ट्रान्सफर प्रीमियमची (घर दुसऱ्याच्या नावावर होताना सोसायटी घेते त्या रकमेची) मुंबईत कमाल मर्यादा २५,००० रुपये. त्यावर ‘डोनेशन’ मागितलं तर लेखी मागा म्हणावं, बहुतेकदा विषय तिथेच संपतो. तुमचा खर्च म्हणाल तर मुद्रांक शुल्क मेट्रो अधिभारासह ६ टक्के, नोंदणी १ टक्का पण ३०,००० च्या वर नाही. घर फक्त महिलेच्या नावावर असेल तर शुल्कात १ टक्का सवलत.

पार्किंग: ओपन किंवा स्टिल्टची (इमारतीखालच्या खांबांमधली) जागा बिल्डरला विकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्येच सांगितलं. वाटप सोसायटी करते. तेव्हा ‘फ्लॅटबरोबर मिळणार’ याला किंमत लावू नका. सोसायटीचं पत्र मिळालं तर गोष्ट वेगळी.

फनेलवाला
मला ती ‘दोन वर्षांत रिडेव्हलपमेंट’ खटकली. पार्ले पूर्व विमानतळाला लागून आहे. इथे उंचीची परवानगी विमानतळ प्राधिकरण देतं आणि ती समुद्रसपाटीपासून मोजतात, तुमच्या फाटकापासून नाही. वर जाताच येत नसेल तर कागदावरच्या एफएसआयचा (प्लॉटवर किती बांधता येतं त्या प्रमाणाचा) बिल्डरला उपयोग काय? त्यात समोरचा रस्ता ९ मीटरपेक्षा अरुंद असेल तर टीडीआर (दुसरीकडून विकत आणायचा जादा बांधकामाचा हक्क) मिळत नाही. स्वतः टेप घेऊन रस्ता मोजा, पार्ल्याच्या गल्ल्या फसव्या आहेत.

मग तीन गोष्टी विचारा. सर्वसाधारण सभेत ठराव झालाय का? प्रकल्प सल्लागार नेमलाय का? मालमत्ता पत्रकावर (जमिनीच्या सरकारी नोंदीवर) सोसायटीचं नाव चढलंय का, की अजून जुन्या जमीनमालकाचंच आहे? कन्व्हेयन्स (जमीन सोसायटीच्या नावावर होणं) झालेलं नसेल तर आधी मानीव अभिहस्तांतरण (मालकाच्या सहीवाचून ते सरकारकडून करून घेणं), मग बाकीचं. तिन्हींचं उत्तर ‘नाही’ असेल तर ते दोन वर्षं नुसती एजंटच्या तोंडात आहेत. चढा भाव त्याचाच असेल तर द्यायचं कारण नाही.

घरशोध
आभार. आज मोजमाप घेतलं. भिंतीच्या आतून ५३८ चौ. फूट, त्यात हॉलमध्ये घेतलेली बाल्कनी ४२. आधीच्या करारात क्षेत्रफळ फक्त बिल्टअप दिलंय. ऑडिट सहा वर्षांपूर्वीचं, सी-२बी. दुरुस्ती ‘विचाराधीन’.

कोबा_गिलावा
सहा वर्षांत काहीच दुरुस्ती नसेल तर तो सी-२बी आज तसाच राहिला असेल असं धरू नका. बाल्कनी आत घेताना भिंत पाडली असेल तर मंजूर नकाशाशी ताडून बघा. मधला बीम शाबूत आहे का आणि बाल्कनीवर जुन्या फरशीवरच नवी फरशी चढवलीये का, हेही बघा. बाहेर लटकलेल्या स्लॅबची मुख्य सळई वरच्या अंगाला असते. वर भार वाढला आणि पाणी मुरलं की पहिली तीच जाते.

इंडेक्स_टू
भावाची बोलणी ५३८ कार्पेटवर (भिंतींच्या आतल्या क्षेत्रफळावर) करा, ७२० विसरा. बँकेला आत्ताच विचारा. ७५ लाखांवरच्या कर्जाला घराच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंतच रक्कम मिळते, आणि इमारत चाळिशीच्या पुढची असेल तर मूल्यांकन करणारा तिचं उरलेलं आयुष्य किती लिहितो यावर मुदत ठरते. ते कळेपर्यंत टोकन नको. द्यायचंच झालं तर छोटी रक्कम, चेकनं, आणि चिठ्ठीत स्पष्ट वाक्य: कर्ज किंवा टायटल (मालकी हक्क) नामंजूर झाल्यास पूर्ण रक्कम परत.