हॉस्टेलच्या वायफायला फोन जोडला जातो, त्याच आयडीने लॅपटॉप नाही

माणदेशी_कन्या
नमस्कार. मी पुण्यात हॉस्टेलला राहते, एम.एस्सी.चं शेवटचं वर्ष. इथल्या वायफायला सगळ्यांचा मिळून एक पासवर्ड नसतो, प्रत्येकीला स्वतःचा आयडी आणि पासवर्ड टाकावा लागतो (डब्ल्यूपीए२ एंटरप्राइझ). दिवाळीत गावी गेले तेव्हा लॅपटॉप इथेच कपाटात बंद होता. परत आल्यापासून तो पासवर्ड घेतो, दहाएक सेकंद फिरतो आणि 'कान्ट कनेक्ट टू धिस नेटवर्क' म्हणतो.

पासवर्ड बरोबरच आहे, कारण त्याच आयडीने फोन लगेच जोडला जातो. मैत्रिणीच्या हॉटस्पॉटलाही लॅपटॉप जोडला जातो, पण तिथे बहुतेक साइट 'कनेक्शन खाजगी नाही' सांगून अडतात. दादाचा जुना लॅपटॉप आहे, त्यामुळे असेल असं वाटलं. हेल्पडेस्कवर दोनदा गेले, 'तुमच्या मशीनचा प्रॉब्लेम' एवढंच उत्तर मिळालं.

प्रकल्पाला लागणारी जर्नल्स फक्त कॉलेजच्या नेटवर्कवरून उघडतात आणि फोनवर त्यातले आलेख वाचता येत नाहीत. २० तारखेला सरांना पहिलं प्रकरण द्यायचं आहे. कृपया मदत करा.

रानवाटा
'फर्गेट नेटवर्क' करून पुन्हा जोडून बघा. पासवर्ड हल्ली बदलला असेल तर लॅपटॉप जुनाच पाठवत राहतो, आणि काही ठिकाणी त्यामुळे खातं लॉक होतं.

माणदेशी_कन्या
ते तीनदा केलं. खातं लॉक नाही, फोन आत्ताही चालू आहे.

तारयंत्र
मी एका कॉलेजचं नेटवर्क सांभाळतो. दोन गोष्टी सांगा. लॅपटॉपच्या उजव्या कोपऱ्यात तारीख काय दिसते? आणि फोनवर जोडताना 'सीए सर्टिफिकेट'पुढे काय निवडलं होतं?

माणदेशी_कन्या
सर, तारीख १ जानेवारी २०१५! वेळ मी फोनवरच बघते, तिकडे लक्षच गेलं नव्हतं. फोनवर 'डू नॉट व्हॅलिडेट' निवडलंय, सीनियर मुलींनी तसंच सांगितलं होतं.

तारयंत्र
मग उलगडा झाला. अशा वायफायमध्ये तुम्ही ओळख देण्याआधी कॉलेजचा रेडियस सर्व्हर (आयडी-पासवर्ड तपासणारा संगणक) स्वतःची ओळख देतो, म्हणजे आपलं सर्टिफिकेट दाखवतो. त्यावर 'या तारखेपासून या तारखेपर्यंत वैध' असं लिहिलेलं असतं. तुमच्या लॅपटॉपच्या लेखी आज २०१५ साल आहे, त्यामुळे त्याला ते सर्टिफिकेट अजून लागूच झालेलं नाही. तो तिथेच बोलणं तोडतो, पासवर्ड तपासायची पाळीच येत नाही. हॉटस्पॉटला सर्टिफिकेट लागत नाही म्हणून तो जोडला गेला, पण पुढे प्रत्येक साइटचं सर्टिफिकेट त्याच कारणाने नाकारलं गेलं. फोन चालतो, कारण तो काही तपासतच नाही.

तारीख हाताने बरोबर करा आणि मग जोडा. आधी वायफाय, मग घड्याळ आपोआप लागेल असं इथे होणार नाही. आत जायलाच तारीख लागते.

माणदेशी_कन्या
जोडलं गेलं! पहिल्याच प्रयत्नात. रात्री दोन पेपर उतरवून घेतले. पण सर, आज सकाळी चार्जर लावून सुरू केला तर पुन्हा २०१५.

तारयंत्र
लॅपटॉपची मुख्य बॅटरी बहुधा गेलेली आहे आणि मदरबोर्डवरचा छोटा सेलही संपलाय. बंद असताना घड्याळ त्या सेलवर चालतं. बहुतेक मशीनना सीआर२०३२ लागतो, ३ व्होल्टचा. काही लॅपटॉपमध्ये त्याला वायर आणि छोटा प्लग असतो. म्हणून दुकानदाराला जुना काढूनच दाखवा.

आता फोनचं, आणि हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. 'डू नॉट व्हॅलिडेट' ठेवलं की त्याच नावाचं खोटं वायफाय कुणीही उभं केलं तरी फोन त्याला जाऊन मिळतो. पासवर्ड उघडा जात नाही, पण एमएसचॅप व्ही२ (पासवर्ड पडताळण्याची एक जुनी पद्धत) वापरत असाल तर जे हाती लागतं त्यावरून तो शोधून काढता येतो. हे २०१२ मध्येच जाहीरपणे दाखवलं गेलंय. म्हणून तर डिसेंबर २०२० च्या अपडेटपासून पिक्सेल फोनवरून हा पर्यायच काढला. 'यूज सिस्टिम सर्टिफिकेट्स' निवडा आणि 'डोमेन'च्या रकान्यात रेडियस सर्व्हरचं नाव टाका. ते नाव हेल्पडेस्ककडून लेखी घ्या. कॉलेजचं सर्टिफिकेट स्वतःच बनवलेलं असेल तर तेही त्यांच्याकडूनच घ्या, व्हॉट्सअॅपवर फिरणारं नको.

माणदेशी_कन्या
सेल बदलला, वायरवालाच निघाला. रात्रभर बंद ठेवला तरी आज तारीख बरोबर होती. डोमेनचं नाव ईमेलवर मागितलं, दुपारी आलं, फोनही तसाच लावला. ज्या सीनियरकडून ते सेटिंग घेतलं होतं तिच्या फोनवरही आत्ताच बदलून दिलं. मजल्यावर अजून सोळा खोल्या आहेत, रविवारी सगळ्यांकडे जाणार आहे.